रॅमवरचं पत्र्याचं जाकीट (हीट स्प्रेडर) सोलापूरच्या उन्हात खरंच लागतं का? अनुभव सांगा

पुतण्यासाठी पीसी जुळवायलोय. नव्या पेठेतला दुकानदार म्हणतो, "इथलं ऊन बघा साहेब, हीट स्प्रेडरवालीच घ्या." उघडी हिरवी पट्टी स्वस्त पडते. मे महिन्यात ४३ अंश, घरात एसी नाही. ऐकीव नको, वापरलेलं लिहा.

जुळेसोलापूरकर: माझी डीडीआर४ (रॅमची मागची पिढी), ३२०० वेगाची, उघडीच. १.२ व्होल्टवर चालते आणि एक पट्टी जेमतेम काही वॅट खाते. चिपला ८५ अंशांपर्यंत नेहमीचं काम जमतं, त्यापुढे ९५ पर्यंत रिफ्रेश (चिपमधली माहिती पुसू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा भरणं) दुप्पट वेगाने करावा लागतो. आपली खोली कितीही तापली तरी तिथवर अंतर बरंच आहे. उन्हाळे आरामात निघाले.

चादरवाला: अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना. जकार्डचं डिझाइन करायचा पीसी मागांच्या शेजारच्या खोलीत. उष्णता राहू द्या बाजूला, आमच्याकडे वैरी म्हणजे सुताची तूस. पंख्यांच्या जाळीवर तिचा थर बसतो आणि आतली हवाच कोंडते. दिवाळीत अन् उन्हाळ्याआधी ब्लोअर मारतो. रॅमला जाकीट नाही.

दुरुस्तीवाला_बाळीवेस: "रॅम तापून गेली" म्हणून येणाऱ्या बहुतेक पट्ट्यांचे पिन काळवंडलेले असतात. खोडरबर फिरवला, नीट बसवली की चालू.

रात्रपाळी: सगळ्यांना एकाच मापात नका मोजू बे. माझी डीडीआर५, ६००० ची, एक्सएमपीवर (जादा वेगाची तयार सेटिंग) १.३५ व्होल्ट. या पिढीत व्होल्टेज सांभाळणारी चिपही पट्टीवरच आली, आणि तापमानाचा सेन्सरही, त्यामुळे आकडा दिसतो. ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट वर येते. दुपारी गेम खेळताना पीसी अडकायचा, रात्री एकदम ठणठणीत. स्प्रेडर होताच की! रॅमकडे तोंड करून एक १२० मिमीचा पंखा लावला, तेव्हा थांबलं. वारा नसेल तर पत्रा उष्णता नेणार कुठे?

जुनाखोड: जुन्या पेंटियम ४ प्रोसेसरबरोबर आरडीरॅम नावाची वेगळीच रॅम यायची. तिच्यात एका वेळी एकाच चिपवर सगळा भार पडे, म्हणून पत्र्याने तो ताप पसरवणं गरजेचं होतं. आताचे शिंगंवाले दिवे पोरांच्या हौसेचे.

विजापूर_रोड: शिंगांवरून आठवलं, उंची मोजा. माझ्या टॉवर कूलरचा पंखा रॅमच्या वर सरकवावा लागला, मग कॅबिनेटचं दार लागेना. मामेभावाने तर पत्रा उपटायचा प्रयत्न केला. गोंदाबरोबर चिपच निघाली, वॉरंटीही गेली.

धागाकर्ता: डीडीआर४ च घेणार आहे, त्यामुळे उघडी. वाचलेल्या पैशांत पुढचा पंखा.

रात्रपाळी: बसवल्यावर मेमटेस्ट (रॅम तपासायचा प्रोग्रॅम) भर दुपारी लावा. गार हवेत पास झाली तर काही कळत नाही.