पाणी शुद्ध करणारी स्ट्रॉ संकटात कितपत कामाची?

प्रश्न:
पूर, भूकंप असं काही आलं तर उचलून निघता यावं म्हणून एक पिशवी भरून ठेवते आहे. घरात सासूबाई आणि दोन वर्षांचं बाळ आहे. लाइफस्ट्रॉसारखी नळी घेतली तर भागेल का? कुठलंही पाणी चालतं म्हणतात, ते खरं का?

प्रतिसाद:
ताई, नळी जरूर घ्या, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. आत पोकळ तंतूंचा जुडगा असतो, छिद्रं साधारण ०.२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी त्यात अडकतात. हे काम ती चोख करते. विषाणू मात्र त्याहून कितीतरी बारीक, ते पार निघून जातात. आणि पुराच्या पाण्यात मैला मिसळलेला असतो, म्हणजे विषाणूंमुळे होणारी कावीळ आणि रोटा विषाणूचे जुलाब यांची भीती नेमकी तिथेच. मीठ, डिझेल, कीटकनाशक यांनाही अशी साधी नळी अडवत नाही. ‘कुठलंही पाणी’ हे मला अजिबात पटत नाही.

मला खरी काळजी बाळाची वाटते. मोठ्या माणसालाही सुरुवातीला गाल आत जाईपर्यंत ओढावं लागतं, तेव्हा कुठे पाणी वर येतं. एवढ्याशा लेकराला ते कसं जमणार? शिवाय भांड्यात पाणी साठत नाही. मग बाळाचं दूध कशात कालवाल, जखम कशाने धुवाल?

म्हणून क्लोरीनच्या गोळ्या ठेवाच. गढूळ पाणी आधी निवळू द्या, फडक्यातून गाळा, मग गोळी टाकून पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ थांबा. बहुतेक गोळ्यांना अर्धा तास लागतो. विस्तव मिळाला तर उकळणं सगळ्यात उत्तम. खळखळ उकळी फुटल्यावर १ मिनिट, २००० मीटरच्या वर ३ मिनिटं.

दुसरा प्रतिसाद:
वरच्याला जोड देतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, तो नळीत मात्र अडकतो. त्यामुळे मोठ्यांनी गोळी टाकलेलं पाणी नळीने प्यावं.

प्रश्नकर्ती:
दोन्ही घेते. नळी एकदा वापरली की परत ठेवता येते का?

प्रतिसाद:
हो. प्रत्येक वेळी पिऊन झालं की उलटी फुंकर मारून आतलं पाणी काढा आणि पूर्ण वाळवून ठेवा. ओली असताना गोठली तर तंतू तडकतात, बाहेरून काही कळत नाही. तशी नळी टाकूनच द्या. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतही अधूनमधून बघत जा. बाळासाठी उकळून गार केलेलंच पाणी ठेवा.