विश्वास ठेवणं माझं काम की देवाचं?

द्राक्षवेल:
‘मी प्रभूला स्वीकारलं म्हणून माझं तारण झालं’, म्हणजे पापातून सुटका झाली, असं आपण साक्ष देताना सर्रास म्हणतो. मला ते खटकतं. पित्याने ओढल्याशिवाय कोणी माझ्याकडे येऊ शकत नाही, असं येशूच सांगतो (योहान ६:४४). लुदिया नावाच्या बाईने प्रेषित पौलाचं बोलणं मनावर घेतलं, पण आधी तिचं अंतःकरण प्रभूने उघडलं. समजा, दोन माणसांनी एकच उपदेश ऐकला आणि एकानेच विश्वास ठेवला, तर फरक कशाने पडला? त्याच्या शहाणपणाने म्हणाल, तर बढाईला जागा उरते.

मोहरीदाणा:
नाही उरत. रोमकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात पौल विश्वासाला कर्माच्या विरुद्ध बाजूला ठेवतो. विश्वास ही कमाईच नाही, मग बढाई कसली? आणि यरुशलेमच्या लेकरांना एकवटायची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची नव्हती, असं येशू म्हणतो (मत्तय २३:३७). ज्यांना येणं शक्यच नव्हतं त्यांना तो असा दोष देईल, हे माझं मन मानत नाही.

सहप्रवासी:
पहिलं पाऊल देवाचं, यावर तुमचं भांडण नाहीच. कृपेशिवाय विश्वासाची सुरुवातही होत नाही, हे ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मपरिषदेने ठरवलं होतं. १६१० मध्ये डच धर्मशास्त्रज्ञ अर्मिनियसच्या अनुयायांनी पाच मुद्दे मांडले, तेव्हा त्यांनाही ते मान्य होतं. कृपा नाकारता येते का, हा खरा वाद. १६१८-१९ च्या नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेने त्यांचे मुद्दे फेटाळले.

मोहरीदाणा:
नाकारता येते. ‘तुम्ही नेहमी पवित्र आत्म्याला विरोध करता,’ असं येशूचा अनुयायी स्तेफन यहूदी न्यायसभेला तोंडावर सांगतो.

द्राक्षवेल:
त्याच स्तेफनाला दगडमार होताना साक्षीदारांची वस्त्रं शौलाच्या, म्हणजे पुढे प्रेषित झालेल्या पौलाच्याच, पायाशी होती! तोही विरोधच करत होता. दमास्कसच्या वाटेवर तो प्रभूला शोधायला नाही, शिष्यांना बांधून आणायला निघाला होता. प्रभूने त्याची परवानगी विचारली नाही. आणि विश्वास न ठेवणाऱ्या भावासाठी तुम्हीही ‘प्रभू, त्याचं मन बदल’ अशीच प्रार्थना करता ना?

मोहरीदाणा:
करते, अगदी कळकळीने. देवाने त्याचा पिच्छा सोडू नये म्हणून करते. पण शौलाचंच पुढे वाचा. अग्रिप्पा राजापुढे तो म्हणतो, मी त्या स्वर्गीय दर्शनाची अवज्ञा केली नाही (प्रेषितांची कृत्ये २६:१९). अवज्ञा करणं शक्यच नसतं, तर हे राजाला सांगण्यात काय अर्थ होता?