विषय: भाचीचा प्रश्न – अमेरिकेत ‘एनपी’ म्हणजे थेट डॉक्टर का?

प्रेषक: शिकागो (मूळ चाळीसगाव)

नमस्कार मंडळी,

सगळ्यांना अखाजीच्या शुभेच्छा. माझी भाची धुळ्याला बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात ताईकडे एक एजंट येऊन चहा पिऊन गेला. म्हणे, अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे डॉक्टरच. आमचा सहा महिन्यांचा कोर्स करा, सर्टिफिकेट घ्या, तिकडे उतरल्या उतरल्या प्रॅक्टिस सुरू. साडेतीन लाख मागतोय. दाजींनी कापसाचे पैसे मोडलेले नाहीत, तेवढ्यावर त्याचा डोळा. ताईचा रोज फोन येतो आणि मी पडलो आयटीवाला, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आपल्या या ई-मेल यादीवर कुणी जाणकार आहे का?

जाता जाता: जूनच्या सहलीला शेवभाजी कोण करणार हे अजून ठरायचंय.

---

प्रेषक: ह्यूस्टन (मूळ अमळनेर तालुका)

दादा, पैसे देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा.

मी ह्यूस्टनला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एनपी, म्हणजे पुढचं शिक्षण घेऊन रुग्ण तपासणारी, औषध लिहिणारी नर्स) आहे. सध्या आईसाठी महिनाभर माहेरी आलेय, त्यामुळे हे फोनवर टाइप करतेय. चुका पोटात घाला.

एजंटनं तीन वेगळ्या गोष्टींची एकच मोळी बांधली आहे. सर्टिफिकेट देते राष्ट्रीय परीक्षा घेणारी संस्था, आमच्याकडे एएनसीसी किंवा एएएनपीसीबी. लायसन्स देतं राज्याचं बोर्ड. आणि तुम्ही काय करू शकता, काय नाही, ही हद्द ठरते त्या राज्याच्या कायद्यात. पहिलं मिळालं म्हणून तिसरं आपोआप मिळत नाही.

भाचीचा रस्ता असा आहे. पदवी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, इंग्रजीची परीक्षा, एन-क्लेक्स ही नर्सच्या लायसन्सची परीक्षा (ती मुंबईतही देता येते). हे सगळं झालं की ती साधी आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स. मग व्हिसास्क्रीन (परदेशी नर्सच्या कागदपत्रांची व्हिसासाठीची तपासणी) आणि ग्रीनकार्डाची रांग. भारतीयांची ही रांग किती लांब ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर मास्टर्स किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट), त्यातले रुग्ण तपासण्याचे तास, राष्ट्रीय परीक्षा, आणि पुन्हा राज्याचं वेगळं लायसन्स. परीक्षाही ‘एनपी’ची म्हणून एकच नसते. मी फॅमिलीची आहे, दवाखान्यात लहान-थोर सगळे बघते, पण उद्या मला आयसीयू सांभाळा म्हटलं तर ते माझ्या हद्दीबाहेर. त्यासाठी अक्यूट केअरचं (गंभीर आजाऱ्यांच्या देखभालीचं) वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा. भूल देणाऱ्या नर्स, सुईणी आणि क्लिनिकल स्पेशालिस्ट ही तर निराळीच तीन दालनं.

दर पाच वर्षांनी सर्टिफिकेटचं नूतनीकरण असतं ते वेगळंच.

---

प्रेषक: डॅलस (मूळ भुसावळ)

ताईंनी रस्ता बरोबर सांगितला. पण मी तीस वर्षं इंटर्नल मेडिसिन करतोय, तेव्हा एक गोष्ट कडू लागली तरी बोलतो. एजंट खोटा, पण त्याला हे बोलायला जागा कुणी दिली? ‘नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे डॉक्टरच’ असं सूचित करणाऱ्या जाहिराती इकडेही दिसतात. एनपीच्या अभ्यासक्रमात रुग्ण तपासण्याचे किमान तास वर्षानुवर्षं ५०० होते. आता नवी मानकं ७५० म्हणतात. आम्ही एमबीबीएसनंतर तीन वर्षं रेसिडेन्सीत रात्री जागवल्या. भुसावळला माझी आई आजारी पडली तर तिला डॉक्टरनंच बघावं, असं मला वाटतं. यात कुणाचा अपमान नाही.

---

प्रेषक: ह्यूस्टन (मूळ अमळनेर तालुका)

डॉक्टरसाहेब, अपमान मानला नाही. तासांचा मुद्दा खरा आहे. बेडसाइडला, म्हणजे वॉर्डात नर्स म्हणून, वर्षभरही न काढता थेट एनपीला बसणाऱ्या मुली बघून माझ्याही पोटात गोळा येतो. पण आपल्या टेक्सासचंच बघा. औषध लिहायला मला तुमच्यासारख्या डॉक्टरांशी लेखी करार करावा लागतो, आणि एका डॉक्टरला असे पूर्णवेळ सातच जण घेता येतात. आमचे डॉक्टर महिन्यातून एकदा व्हिडिओवर भेटतात, चार केसपेपर चाळतात, ‘ऑल गुड’ म्हणतात आणि त्याचे दरमहा पैसे घेतात. ही देखरेख की जकात, तुम्हीच सांगा. तीच मी, तेच सर्टिफिकेट घेऊन शेजारच्या न्यू मेक्सिकोत गेले तर करार लागत नाही. सीमेवरचं पळासनेर ओलांडून मध्य प्रदेशातल्या सेंधव्यात गेल्यावर माणूस जास्त हुशार होतो का? दादांच्या इलिनॉयमध्ये मधला मार्ग आहे: डॉक्टरांच्या सहकार्यानं ४००० तास काम आणि २५० तासांचं जादा शिक्षण झालं की स्वतंत्र प्रॅक्टिसला अर्ज करता येतो. मला विचाराल तर हाच शहाणपणाचा.

आणि हे सुरू कुठून झालं? १९६५ साली कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड या नर्सनं आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांनी पहिला कोर्स काढला, कारण गावाकडच्या पोरांना डॉक्टर मिळत नव्हता. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीला ज्यानं झोळीतून पेशंट उतरवताना पाहिलंय त्याला हे वेगळं समजावायला नको. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत १०४ वर्षांच्या होऊन गेल्या.

आता कालचं सांगते. दुपारी शेजारची नानी आली, सत्तरीच्या पुढची. भिंतीला धरून ओट्यावर टेकली, पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टी काढली. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५, एकाच गोळीत. म्हणाली, “माय, चक्कर येस. तू तठे अमेरिकामा डाक्टरीण शे ना? दुसरी गोयी लिखी दे.”

आडवी करून बीपी घेतलं, ११८/७०. उभी करून तीन मिनिटांनी घेतलं, ९२/५८. जीभ कोरडी ठणठणीत. बाहेर ४४ डिग्री, आणि ही बाई चार दिवस धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर, वाळत घातलेले बिबडे (ज्वारीचे पापड) राखत बसलेली. त्यात लघवी वाढवणारं औषध पोटात. ह्यूस्टनला मी ती गोळी तिथल्या तिथे थांबवून सोडियम-पोटॅशियम तपासायला पाठवलं असतं. इथं पेन उचललं आणि थांबले. महाराष्ट्राच्या दफ्तरी मी नुसती परिचारिका, त्या नोंदणीचंही नूतनीकरण राहिलेलं. मग नातवाच्या वहीचं पान फाडून दोन्ही आकडे, वेळ, गोळीचं नाव आणि ‘उभं राहिल्यावर बीपी पडतं, सोडियम बघावं’ एवढं लिहिलं, आणि नानीला नातवाच्या मोटारसायकलवर मधे बसवून मागे माझ्या भावाला बसवलं.

आरोग्य उपकेंद्रात सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) मुलगी होती. बी.एस्सी. नर्सिंग, वर सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स. (आपल्याकडे सीएचओ पदावर बीएएमएस डॉक्टरही पुष्कळ असतात, ही नर्स होती.) तिनं माझी चिठ्ठी वाचली, पुन्हा स्वतः उभं करून बीपी घेतलं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्ला सेवेवर डॉक्टरांना जोडलं. त्यांनी गोळी थांबवायला सांगितली आणि अमळनेरला पाठवलं. माझ्या दोन्ही डिग्र्या तोवर ओट्यावर वारा घेत बसल्या होत्या.

दादा, भाचीला हेही सांगा. अमेरिकेचीच वाट आहे असं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा निवासी कोर्स इथेच आहे, आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मिडवायफरीत (बाळंतपणाच्या सेवेत) अठरा महिन्यांचा. मात्र आंधळेपणानं उडी नको. या कोर्सनंतर स्वतःचा दवाखाना थाटून औषधं लिहिता येत नाहीत, रुग्णालयाच्या ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये काम करावं लागतं. २०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा आला आहे. पद मंजूर आहे का आणि पगार किती, हे कॉलेजला नव्हे, तिथं काम करणाऱ्या मुलीला विचारावं.

---

प्रेषक: शिकागो (मूळ चाळीसगाव)

ताई, तुमचं पत्र भाचीला पाठवलं, तिनं वसतिगृहाच्या ग्रुपवर टाकलं. दाजींनी एजंटला दोनच प्रश्न विचारले: सर्टिफिकेट कोणती संस्था देणार, आणि कोणत्या राज्याचं लायसन्स? “ते नंतर बघू” म्हणाला. तेव्हापासून फोन लागत नाही. भाची आता आधी एन-क्लेक्स म्हणतेय. नानी कशा आहेत?

---

प्रेषक: ह्यूस्टन (मूळ अमळनेर तालुका)

नानीचं सोडियम १२४ आलं, बरंच कमी. तीन दिवस ठेवून घेतलं. काल घरी आली, नवी गोळी दाखवायला परत माझ्याच ओट्यावर.

---

प्रेषक: डॅलस (मूळ भुसावळ)

१२४ म्हणजे ठेवून घ्यायलाच हवं होतं. ताई, उभं करून बीपी घेतलंत, शाब्बास. आमचे रेसिडेंट विसरतात. जकातीचं म्हणाल तर मीही चार जणांची घेतो, बोलू सहलीत. शेवभाजी मी करतो, पण काळा मसाला कुणीतरी तिकडून आणावा.

---

प्रेषक: ह्यूस्टन (मूळ अमळनेर तालुका)

मसाला आणते. नानीनं बिबडेही बांधून दिलेत. ते विमानात मोडले तर मला बोलायचं नाही.