प्रति: मोहऱ्यांची मांडणी बदलून खेळलेलं बुद्धिबळ

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मोहरी वेगळ्या जागी मांडून स्पर्धा घेणं हा निव्वळ विक्षिप्तपणा होता, असं वर म्हटलंय. पटलं नाही. ओपनिंगच्या, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक खेळींच्या, माहितीने भरलेलं बिल्गेरचं जाडजूड जर्मन ‘हांडबुक’ १८४३ मध्ये आणि इंग्रज खेळाडू स्टाँटनचं तसंच पुस्तक १८४७ मध्ये आलं. म्हणजे पाठ केलेल्या ओपनिंगचा कंटाळा येण्याची सोय तेव्हाच झाली होती! त्याआधी १७९२ मध्ये डच लेखक व्हान झायलेन यांनी मागच्या रांगेतली मोहरी कशीही मांडायचा पर्याय सुचवला होता.

मांडणी थोडी बदलली तरी केवढा फरक पडतो ते पटावर बघा. फक्त घोडे आणि उंट यांची अदलाबदल करा. आता घोडा एफ१ वर, उंट जी१ वर (पांढऱ्याच्या बाजूने उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या १ ते ८). घोडा पहिल्याच खेळीला जी३ वर उडी मारेल, पण उंटाला बाहेर काढायला एफ किंवा एच प्यादं हलवावंच लागतं. त्या बाजूला कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी खेळी) चौथ्या खेळीला जमतं, नेहमीसारखंच, पण राजापुढची भिंत आधीच खिळखिळी झालेली असते. सी प्यादं पुढे सरकवलं की बी१ वरचा उंट थेट एच७ वर डोळा ठेवतो; तिथे काळ्याचा एफ८ वरचा घोडा मात्र पहारा देत असतो.

गंमत म्हणजे माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये जाहीर केलेल्या ९६० मांडण्यांत हीसुद्धा येते: उंट भिन्न रंगांच्या घरांत, राजा दोन हत्तींच्या मध्ये. एकच मांडणी कायम ठेवली तर तिचंही पाठांतर होणारच, म्हणून फिशरने ती चिठ्ठी काढल्यासारखी ठरवायला लावली. माझ्या मते त्याचं खरं श्रेय तेवढंच.