काऊबॉय पिक्चरमधली पिस्तुलं चुकीची असली तर काही बिघडतं का?

बारूदमुनीम (धागाकर्ता)

लेकाची परीक्षा संपली म्हणून रविवारी त्याला सर्जिओ लिओनेचा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) दाखवला. माझी ही नववी-दहावी खेप असेल. या वेळी नजर क्लिंट ईस्टवूडच्या कमरेवर गेली आणि तिथेच अडकली. पट्ट्यात ओळीनं पितळी काडतुसं खोचलेली! गोष्ट आहे १८६२ची. अमेरिकेची यादवी चालू आहे, न्यू मेक्सिकोतून जनरल सिब्लीची दक्षिणी फौज माघारी चाललीय, त्यामुळे सालाबद्दल वादच नको.

त्या साली कोल्टचं १८५१ नेव्ही रिव्हॉल्वर ठासणीचं होतं. सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्यांच्या फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक घरात बंदुकीची दारू ओता, शिशाची गोळी बसवा, नळीखालच्या दांडीनं ठासा, मागच्या बोंडीवर तांब्याची टोपी चढवा. सहा बारांसाठी हे सहा वेळा. दारू-गोळी एकत्र असलेल्या कागदी पुड्या मिळायच्या, पण त्याही पुढूनच ठासायच्या. मागून धातूचं काडतूस घालायचं तर सिलिंडर आरपार कोरलेला हवा, आणि त्याचं पेटंट रोलिन व्हाइट नावाच्या गृहस्थाचं. त्याचे हक्क होते स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या बंदूक कंपनीकडे. १८६९ला पेटंट संपलं, मग कोल्टनं जुन्या रिव्हॉल्वरांना काडतुसी करून द्यायला घेतलं. ईस्टवूडच्या हातात हे असलं रूपांतर केलेलं पिस्तूल आहे. म्हणजे साधारण दहा वर्षं आधीच!

बायको म्हणाली, "दहा वर्षांनी काय होतंय?" होतं ना. स्मशानातला शेवटचा तिघांचा सामना आठवा. (ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढची चार वाक्यं सोडा. साठ वर्षं थांबलो, आता माझ्यावर रागावू नका.) ईस्टवूडचा, म्हणजे ब्लाँडीचा, लबाड जोडीदार टुको चाप ओढतो आणि नुसतं खट्. ब्लाँडीनं आदल्या रात्रीच त्याचं पिस्तूल रिकामं करून ठेवलेलं. काडतुसं असतील तर हे चोरटं काम सोपं, काढली आणि खिशात टाकली. ठासून बसवलेल्या गोळ्या काढायचा सोपा उपाय एकच, बार उडवणे, आणि मग टुको जागा होणार! अख्खा शेवट चुकीच्या पिस्तुलावर उभा आहे.

बंदूक बदलली की माणसं कशी वागतील तेही बदलतं. सहा बार संपले की पुढची काही मिनिटं हातात नुसतं लोखंड, हे ज्याला पक्कं ठाऊक आहे तो एवढ्या ऐटीत चौकात उभा राहील का?

वडाची_साल

मुनीमजी, गोळ्या काढतोय कोण? सहा टोप्या नखानं उचकटल्या की काम झालं. खट् होतं, बार होत नाही. शेवट शाबूत.

बारूदमुनीम

टुको दुकानात शिरून चार-पाच पिस्तुलं खोलतो, नळीतून बघतो, सिलिंडर कानाशी फिरवून ऐकतो, मग हवं ते जुळवून घेतो. असा माणूस सकाळी टोप्या आहेत का बघणार नाही?

वडाची_साल

दोन लाख डॉलरचं सोनं पुरलेलं असताना मी तर चष्मा घरी विसरेन.

प्रॉपर्टीवाले_नाना

चर्चा मजेदार आहे, पण दोघंही एक गोष्ट विसरताय. बंदूक निवडतो दिग्दर्शक असं वाटतं तुम्हाला. निवडतं काडतूस. तेही फुसकं.

तीस वर्षं नाटकांची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचं सामान, सांभाळतोय. एका थ्रिलरच्या दुसऱ्याच प्रयोगाला पिस्तूल उडालंच नाही. खलनायक तसाच उभा, नायक तसाच उभा. शेवटी मी विंगेत फळी आपटली तेव्हा तो मेला. तेव्हापासून माझा नियम: दिसायला कसंही असो, वाजलं पाहिजे.

हॉलिवूडमध्येही हाच हिशेब होता. तिथे 'फाइव्ह-इन-वन' नावाचं बिनगोळीचं काडतूस निघालं. .३८-४० आणि .४४-४०च्या रायफली, त्याच दोन मापांची रिव्हॉल्वरं आणि .४५ कोल्ट, अशा पाच हत्यारांत एकच काडतूस चालायचं. आता विचार करा, वाळवंटात पन्नास घोडेस्वार, अर्ध्यांकडे रायफल, अर्ध्यांकडे रिव्हॉल्वर, आणि मुनीम म्हणून तुम्ही एकटे खोके घेऊन उभे. पाच प्रकारची काडतुसं वाटाल की एक? म्हणून मग गोष्ट कुठल्याही सालची असो, हातात १८९२ची विंचेस्टर आणि १८७३चं कोल्ट. स्टेम्ब्रिजसारख्या भाड्यानं बंदुका देणाऱ्या पेढीत त्यांचीच रांग लागलेली असायची. 'द कोमांचेरोज'ची गोष्ट १८४३ची, आणि जॉन वेनच्या हातात तीच १८९२ची! गारगोटीच्या ठिणगीनं उडणाऱ्या चकमकीच्या बंदुका हव्या असल्या तर स्प्रिंगफील्डच्या मागून भरायच्या जुन्या लष्करी बंदुकांवर खोटी चकमक बसवायचे. लांबून कोण बघतंय?

अज्ञान वगैरे काही नाही हो. सगळी गोदामाची अडचण.

हेन्री_साठ

नानांना दंडवत. भर घालतो. मुनीमजी ज्या पिक्चरला झोडपताहेत त्यातच उलटा पुरावा आहे. ईस्टवूडची दुर्बीण लावलेली रायफल म्हणजे १८६०ची हेन्री म्हणून दाखवलीय. खरी आहे १८६६ची विंचेस्टर, पितळी अंगाची, 'यलो बॉय' म्हणतात ती. हेन्रीला बाजूनं काडतूस भरायची झडप नव्हती, नळीखाली लाकूडही नव्हतं. म्हणून सेटवर त्यांनी नळीखालचं लाकूड काढून टाकलं. ज्याला काही पडलेली नाही तो एवढा खटाटोप कशाला करेल? बरं, इटलीत गार्डोने व्हाल त्रोम्पियाला उबेर्ती वगैरे मंडळी अमेरिकी यादवीच्या शताब्दीसाठी कोल्टच्या प्रतिकृती बनवतच होती. जे हाताशी होतं ते लिओनेनं घेतलं आणि होईल तेवढं जुनं केलं.

शिवाय 'तेव्हा धातूचं काडतूस नव्हतंच' असा कुणाचा समज झाला असेल तर तो चुकीचा. स्मिथ अँड वेसनचं .२२चं छोटं रिव्हॉल्वर १८५७पासून काडतुसावरच चालत होतं.

बारूदमुनीम

'नव्हतंच' असं मी म्हटलेलं नाही, कोल्टच्या नेव्हीत नव्हतं एवढंच म्हटलं. पण लाकूड काढल्याचं माहीत नव्हतं, लिओनेबद्दल थोडा मऊ झालो. नाना, गोदामाची अडचण समजली, तरी प्रेक्षकानं ती का सोसावी? हॉटेलात करपलेली पोळी आली तर तवा जुना आहे म्हणून गप्प खातो का आपण?

सोटेश्वर

रसभंग करायचा असेल तर माहितीपट बघा. पिक्चर बघताना पेटंटचं साल कोण काढतं? उद्या घोड्याचे नाल कुठल्या कारखान्याचे ते विचाराल. इनो घ्या.

टुसॉनची_मावशी

सोटेश्वर, इथे जरा थांबा, कारण मुनीमही चुकीच्या जागी खोदताहेत. मी गेली अठरा वर्षं ॲरिझोनात आहे. घरी पाहुणे आले की पहिली मागणी टूमस्टोन गाव, त्यामुळे तिथल्या ओ. के. कोरलच्या (कोरल म्हणजे घोड्यांचं आवार) गोळीबाराची लुटुपुटूची चकमक मला आता पाठ झालीय. खरी झाली २६ ऑक्टोबर १८८१ला. अर्धं मिनिट, तीसेक गोळ्या. तीही कोरलमध्ये नाही, मागच्या बाजूला फ्लाय यांच्या फोटो स्टुडिओशेजारच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत. पाहुणे दरवेळी विचारतात, "एवढ्या जवळून?"

भांडणाला निमित्त काय, तर गावात हत्यार बाळगायला बंदी. टूमस्टोनचा नऊ नंबरचा वटहुकूम होता: गावात आलात की बंदूक जमा करा. डॉज सिटीतही तेच. पडद्यावर मात्र गावातला प्रत्येक जण कंबरेला पिस्तूल लटकावून दूध आणायला निघालेला. ईस्टवूडच्याच 'अनफर्गिव्हन'मध्ये शेरीफ येणाऱ्याची हत्यारं काढून घेतो, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की कुणीतरी वाचून आलंय.

आणखी दोन गोष्टी. मांडीला दोरीनं बांधलेलं, खाली लोंबणारं पिस्तुलाचं म्यान ही सिनेमाचीच देणगी. जुन्या फोटोंत ते कंबरेवर उंच, पार आत बसलेलं दिसतं, घोड्यावर बसायचं तर तसंच सोयीचं. दुसरं म्हणजे धूर. काळ्या दारूचे पाच-सहा बार झाले की बंद खोलीत समोरचा माणूस दिसू नये. बिनधुराची दारू आली १८८४ला, फ्रान्समध्ये, आणि काऊबॉयच्या हाती पडेपर्यंत आणखी काही वर्षं गेली. सलूनमधल्या मारामारीत मात्र आरपार स्वच्छ दिसतं, पियानोवाल्यासकट. साल चुकलं तर चुकलं, धूर तरी दाखवा!

सोटेश्वर

धूर दाखवला तर तिकीट काढून ढग बघायचे का? बाकी बंदीचं माहीत नव्हतं. तो मुद्दा आवडला.

प्रॉपर्टीवाले_नाना

मावशी, धुराला सोटेश्वर म्हणतात तेच कारण. कॅमेरामन ओरडतो.

अस्सलपणाच्या हट्टाबद्दलही सांगतो. 'द हेटफुल एट'ला मार्टिन कंपनीच्या संग्रहालयातून १८७०च्या दशकातलं खरं गिटार आणलेलं. फोडायला प्रतिकृती तयार होती. घोटाळा झाला आणि कर्ट रसेलनं खरंच आपटलं. जेनिफर जेसन ली पडद्यावर दचकते ना, ते दचकणं खरं आहे. त्यानंतर मार्टिननं सिनेमाला वाद्यं देणंच बंद केलं. त्या प्रसंगात अस्सल गिटारामुळे प्रेक्षकाला काय जास्त मिळालं, कुणी सांगेल?

'रस्ट' या पिक्चरचं तर बोलवतही नाही. ऑक्टोबर २०२१, सांता फेजवळचा सेट, जुन्या कोल्टची इटालियन प्रतिकृती, आणि त्यात खरी गोळी. कॅमेरा सांभाळणारी हलिना हचिन्स गेली. सेटवर काडतूस तपासणाऱ्याला साल बरोबर आहे का हे बघायची फुरसत नसावी, असं मला तेव्हापासून वाटतं. मला विचाराल तर उद्यापासून सगळी रबराची द्या, बार नंतर कॉम्प्युटरवर टाका.

बारूदमुनीम

नाना, 'रस्ट'बद्दल वाद नाहीच. पण रबराचं पिस्तूलसुद्धा बरोबर सालच्या साच्यात ओतता येतं की. उलट बार काढायचाच नसेल तर तुमची काडतुसाची अडचण संपली, आता १८४३च्या गोष्टीत १८९२ची विंचेस्टर दिसायला सबबच उरली नाही.

प्रॉपर्टीवाले_नाना

हे मात्र पकडलंत. साच्याचे पैसे निर्मात्याकडून तुम्ही मागा, मी मागे उभा राहतो.

हेन्री_साठ

मुनीमजी, मुळात पट्ट्यातली काडतुसं पिस्तुलाची आहेत हे कशावरून? हेन्री रायफल .४४च्या धातूच्या काडतुसावरच चालायची. पट्टा रायफलीचा समजा, १८६२ला चालून जाईल.

बारूदमुनीम

बरं, पट्टा रायफलीचा. मग नेव्ही ठासणीचं धरून चालू. त्याची दारूची कुप्पी, गोळ्या, टोप्यांची डबी कुठे ठेवतो तो?

वडाची_साल

पोंचोखाली, त्या घोंगडीत.

बारूदमुनीम

पोंचो त्याला शेवटी शेवटी मिळतो, मरणाऱ्या शिपायाजवळ.

वडाची_साल

मग तोवर बार जपून उडवत असेल.