मोडीतून सजलेलं घर : खान्देशकरांनो, तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, जळगाव

आपल्याकडच्या जुन्या गल्ल्यांत धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं पाडून स्लॅब टाकायचं काम सारखं चालू आहे. त्यातून निघालेली सागाची दारं, खिडक्या, खुंट्या, कडीकोयंडे थेट भंगारात जातात. आणि आपण दुकानात जाऊन जुनाट दिसणारी नवी फ्रेम हजारो रुपये मोजून आणतो. मला हे फार खटकतं, म्हणून हा धागा. भंगारवाल्याकडून, मोडीच्या म्हणजे जुन्या भांड्यांच्या दुकानातून, आठवडी बाजारातून, बोहारणीकडून काय मिळवलंत, त्याचं काय केलंत, खर्च किती आला ते लिहा. कृती सविस्तर सांगा, म्हणजे वाचणाऱ्याला करून बघता येईल.

सुरुवात मीच करते. गल्लीतलं एक घर पाडत होते तिथून छोटी खिडकी घेतली, चारशे रुपयांत. दोन झडपा, मधे लोखंडी गज आणि वर ऑइलपेंटचे थरावर थर. रंग खरवडायची घाई मात्र कुणी करू नका. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवायचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीचा रंग कोरडा घासायचाच नाही. मी अंगणात, धुळीचा चांगला मास्क लावून, लेकरांना घरात ठेवून, वॉटर पेपर (ओला घासायचा पॉलिश पेपर) पाण्यात बुडवून घासलं. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी २२०. निघालेला लगदा कागदावर गोळा करून पिशवीत बांधला, मोरीत सोडला नाही. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली गेरू आणि त्याच्याखाली सागाची ती उभी रेघ! दोन दिवस सुकू दिलं आणि जवसाचं तेल चोळलं. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका. हे तेल सुकताना तापतं, गोळा केलेल्या फडक्याला आपोआप आग लागू शकते. दोरीवर सुटं पसरून वाळवा. गजांच्या मागे काचवाल्याकडून कापून आणलेला आरसा बसवला आणि खिडकी बैठकीत लावली. सगळं मिळून हजाराच्या आत.

धुळेकर सूनबाई

माझा जीव पितळेवर. मोडीच्या दुकानात जाताना पर्समध्ये लोहचुंबक ठेवते. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा, सरळ परत ठेवायचं.

पोचे पडलेली एक घागर आणली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हाई काय भंगार लई उनी व?" (हे काय भंगार घेऊन आलीस गं?) मी चिंच भिजवून तिच्यात मीठ घातलं आणि नारळाच्या शेंडीने घासायला बसले. अर्ध्या तासात गळ्यावरची ठोक्यांची नक्षी दिसायला लागली. सासूबाई स्वतःच दुसरी शेंडी घेऊन शेजारी बसल्या. त्यांच्या माहेरी असलीच घागर होती, ती कधी मोडीत गेली, कोणाच्या लग्नाच्या वेळी, सगळं सांगत बसल्या. घासल्यावर चिंचेचा अंश राहू देऊ नका, साध्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं पुसा, नाहीतर हिरवट डाग येतात. पोचे मी तसेच ठेवलेत. ते काढले तर ती दुकानातल्या नव्या घागरीसारखी दिसेल.

घागरीत काय ठेवलंय? पऱ्हाटी! म्हणजे कपाशीच्या, बोंडं फुटलेल्या चार-पाच काटक्या, शेतातून फुकट. पाहुणे आले की आधी तिकडेच बघतात.

कापूसवाला, पारोळा

धुळेकर ताई, कल्पना झकास. शेतकरी म्हणून एक सांगतो. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत लपून बसते, म्हणूनच हंगाम संपला की पऱ्हाटी शेतात उभी ठेवू नका असं सांगतात. शोभेसाठी घेताना पूर्ण उमललेली, पांढरीशुभ्र बोंडंच ठेवा, अर्धवट उघडलेली नि डागाळलेली तोडून टाका. कापसातली सरकी हाताने काढून घेतली तर उत्तम.

रेल्वे क्वार्टर, भुसावळ

सरकारी क्वार्टरमध्ये भिंतीला खिळा मारायची पंचाईत, त्यामुळे आमची सजावट सगळी उभी ठेवायची नाहीतर टांगायची. आठवडी बाजारात खाली पोतं अंथरून जुनं सामान मांडणारे काका बसतात. त्यांच्याकडे ओगलेवाडीचा ‘प्रभाकर’ कंदील मिळाला, काच शाबूत! गंज काढायला पत्र्याचे सुटे भाग रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले, सकाळी ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवले. लगेच रेड ऑक्साइड (गंज थांबवणारा लाल प्रायमर) मारा, ओलसर हवेत एका दिवसात गंज परत धरतो. नाव उठावाचं आहे तिथे रंग अगदी पातळ लावला.

बऱ्याच जणांनी अशा कंदिलात थेट होल्डर बसवून २३० व्होल्ट जोडलेलं पाहिलंय. मी इलेक्ट्रिशियन आहे, कळकळीने सांगतो, पत्र्याच्या अंगाला अर्थिंग नसेल तर हे करू नका. आत चार्जिंगचा छोटा एलईडी दिवा ठेवा. उजेड तेवढाच सुंदर आणि लहान पोराने हात लावला तरी काळजी नाही. लाइट गेले की तोच कंदील कामालाही येतो.

केळीच्या गावची, सावदा

आमच्याकडे विकत घ्यायला काही लागत नाही. केळीचा घड कापला की खांब शेतात पडून राहतो. त्याचं सोपट (खांबावरचे थर) सोलून उभ्या पट्ट्या काढायच्या आणि कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवायच्या. वापरायच्या आधी ओल्या फडक्यात थोडा वेळ गुंडाळल्या की वळतात, तुटत नाहीत. किराणा दुकानातून पंधरा किलोचा रिकामा तेलाचा डबा आणला, गरम पाणी आणि सोड्याने धुतला, काठ हातोडीने आत वळवले नि तीनपदरी वेणी फेविकॉलने खालून वर गुंडाळत गेले. वर जुन्या गोधडीची गादी. दिवाळीला असे चार केले, बसायला झाले. पट्ट्या अर्धवट ओल्या राहिल्या तर पावसाळ्यात बुरशी येते, म्हणून हे काम उन्हाळ्यातच उरकते.

शहादेकर

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तिथे घोड्यांच्या साजाची दुकानं असतात. नव्या साजाबरोबर एखाद्याकडे वापरलेला जुना घुंगरांचा पट्टाही मिळून जातो. मी कातड्याला खोबरेल तेल चोळून तो दाराच्या वर आडवा लावलाय, तोरणासारखा.

एक विनंती. डोंगरातल्या बाजारात जुनी टोपली, सूप, डालकी जरूर घ्या, पण कुणाच्या देवाची वस्तू दिसली आणि विकणारा तयार असला तरी मागू नका. ती शोभेची नाही.

बोहारणीची गिऱ्हाईक, चाळीसगाव

मी उलटा सौदा करते. भांडं नको, तुझ्या गाठोड्यातली सुती लुगडी दाखव म्हणते. काठ चांगले असतील तर पडदे, मधला भाग विरलेला असेल तर गोधडीचं अस्तर. आधी मिठाच्या पाण्यात बुडवून रंग जातो का ते बघते.

प्रश्न असा की, सागाच्या जुन्या खुंट्या मिळतायत, पण त्यांना बारीक भोकं आहेत. घ्याव्यात का?

धागाकर्ती, जळगाव

काळ्या कापडावर आपटून बघा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर आत भुंगा जिवंत आहे, कितीही स्वस्त असल्या तरी घरात आणू नका, बाकीच्या फर्निचरला लागेल. काहीच पडलं नाही तर भोकं जुनी आहेत. मग मेण आणि त्याच लाकडाचा भुसा कालवून भोकं बुजवा, एका कापडी पिशवीत आठवडाभर ठेवून पुन्हा आपटून बघा आणि मगच भिंतीला लावा. चार जास्त मिळाल्या तर मलाही हव्यात, पोचवायचा खर्च माझा.