मेणवलीच्या घंटेवरची बाई कोण, आणि ती घंटा कुणाची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी वाईला पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. ढोल्या गणपती झाला, मग तीनेक किलोमीटरवर मेणवलीला. नाना फडणवीसांचा वाडा पाहून मागच्या दिंडीने घाटावर उतरलं की मेणेश्वराच्या देवळाशेजारी एक लहानशी घुमटी आहे. तिच्यात एक भलीमोठी घंटा टांगलेली आहे. आपल्याकडच्या घंटेसारखी नाही. खाली पसरट, ओठ जाड, अंगावर आडव्या रेघा, १७०७ हे साल आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई. ही मेरी आणि बाळ येशू.

माझ्यापुढे एक आजी होत्या. त्यांनी नातवाला उचललं, घंटेवरच्या बाईच्या पायाला त्याचा हात लावला आणि म्हणाल्या, "लेकुरवाळी आहे रे, नमस्कार कर." तिथे आधीच कुणीतरी कुंकू लावलेलं होतं.

इतिहास थोडक्यात असा: १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आणून देवांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, आणखीही बऱ्याच ठिकाणी आहेत.

माझं म्हणणं एवढंच की घंटा आहे तिथेच राहू दे, वाजती राहू दे, पण शेजारी चार ओळींची पाटी हवी. ही कुठून आली, कशी आली, वर कोण आहे. गाडीत यावरून एवढा वाद झाला की पाचवडला चहाला थांबलो तरी मिटला नाही. पाहुण्यांपैकी एक म्हणाले, पाटी लावली तर उद्या कुणी परत मागेल. दुसरे म्हणाले, मग द्यावी. तुम्हाला काय वाटतं?

पेठकर

पाटी जरूर लावा, पण ती विजयाची लावा. दोनशे वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती. १७३७ ला साष्टीपासून मोहीम सुरू झाली, दोन वर्षं हजारो माणसं कामी आली, शेवटी सुरुंग लावून बुरूज उडवावा लागला. त्या विजयाची खूण म्हणून घंटा देवाला वाहिली. स्वतःच्या दिवाणखान्यात नाही टांगली. वाहिलेली वस्तू परत मागत नाहीत आणि देतही नाहीत. 'आगमार्थं तु देवानाम्' म्हणत आपण रोज घंटा वाजवतो, ती कुठल्या कारखान्यात ओतली याची चौकशी करत नाही.

आणि ज्या अप्पांनी ती जिंकली ते पुढे दीड वर्षात गेले. ओंकारेश्वराला त्यांची समाधी आहे. तिथे उभं राहून कुणी मला "परत द्या" म्हणून दाखवावं.

सरळसोट

@पेठकर, असहमत. वाघनखं लंडनहून २०२४ मध्ये साताऱ्याला आली तेव्हा सगळा महाराष्ट्र म्हणत होता, तीन वर्षांच्या बोलीवर कसली देता, कायमची द्या. आता तोच न्याय साताऱ्याहून जेमतेम तासाभरावर असलेल्या मेणवलीला लावा की. त्यांनी नेलं ती लूट आणि आपण आणलं ते विजयचिन्ह?

घंटा चर्चसाठी ओतलेली आहे. वसईत आजही चर्च आहेत, माणसं आहेत. द्यावी परत.

पेठकर

तुलना चुकतेय. वसईची घंटा ज्यांनी आणली ते आपलीच जमीन सोडवायला गेले होते. ब्रिटिश इथे काय सोडवायला आले होते?

सरळसोट

जमीन सोडवली, मान्य. घंटा जमीन नाही.

संशयात्मा

दोघेही थांबा. आधी मला सांगा, ही घंटा वसईचीच हे कशावरून?

मी घंटांवर काही वर्षं वेळ घालवलाय, म्हणून जरा लांबण लावतो. कोकणात आणि देशावर युरोपीय घंटा दिसली की पुजारी, गाईड आणि आता व्हॉट्सॲप, सगळे एका सुरात "चिमाजी अप्पांनी वसईहून आणली" म्हणतात. १७३९ च्या नंतरचं साल कोरलेलं असलं तरी म्हणतात! अशी एक मी स्वतः पाहिलीय. इंग्रजी अक्षरं, साल १८०० च्या पुढचं. पुजारीबुवांना दाखवलं तर म्हणाले, "ते नंतर कोरलं असेल." अहो, ती अक्षरं कोरलेली नसतात, उठावाची असतात. साच्यातच असतात, घंटेबरोबरच ओतली जातात. नंतर खोदता येईल, उचलून कशी आणणार?

तेव्हा १७३९ आधीचं साल, क्रूस किंवा संताचं चित्र एवढं असेल तर "पोर्तुगीज असण्याचा मोठा संभव" म्हणू या. तरीही ती वसई शहरातलीच की साष्टीतली, ठाण्याची की वाटेतल्या एखाद्या गढीवरची, हे निव्वळ घंटा बघून सांगता येणार नाही. मोहीम सगळ्या उत्तर कोकणात चालली होती. मेणवलीची १७०७ ची आणि मेरीची मुद्रा असलेली, म्हणजे ती बसते. पण सगळ्यांना सरसकट "वसईची" म्हणून पाटी लावाल तर आणखी दोनशे वर्षं चूक टिकेल. दगडावरची चूक पुसायला फार अवघड.

सरळसोट, परत द्यायची तर कुणाला? आधी तो पत्ता शोधा.

गोदाकाठ

नाशिकहून हजेरी. आमच्याकडे मोठ्या आवाजाच्या माणसाला "नारोशंकराची घंटा" म्हणतात. माझ्या आत्याला सगळा वाडा म्हणायचा. ही म्हण आहे तोवर घंटेला कुणी हलवू शकत नाही, हा माझा कायदेशीर मुद्दा. :)

देऊळ १७४७ चं, नाव रामेश्वर. पण नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलं म्हणून लोकांच्या तोंडी त्यांचंच नाव, देवाचं कुणी घेत नाही. घंटेवर १७२१ साल आहे. ती आत गाभाऱ्यापुढे नाही, समोरच्या तटावर, नदीकडे तोंड करून बसवलीय. खाली गोदावरी, पलीकडे दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पाणी मारुतीच्या कुठे लागलं यावर आम्ही पूर मोजतो, आणि म्हातारी माणसं त्याच्यापुढची खूण म्हणून घंटेचं नाव घेतात. मला विचाराल तर आता ती पोर्तुगीज किंवा पेशवाई राहिली नाही, गोदेची झालीय.

उत्तरवसई

धागा दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं, पण सगळे आमच्याबद्दल बोलतायत तर लिहितो.

मी वसईचा, ख्रिस्ती, घरात सामवेदी (वसईकडची बोली) बोलतो, शाळा मराठी. पहिली गोष्ट: आम्हाला "पोर्तुगीजांची माणसं" समजून कुणी काही परत देऊ नका. पोर्तुगीज १७३९ ला गलबतात बसून गेले. आमचे पूर्वज शेतात केळी आणि पानवेली लावत इथेच राहिले. जिंकलेही नाहीत, हरलेही नाहीत.

दुसरी गोष्ट: आम्ही चर्चला घरात देऊळच म्हणतो. आजी म्हणायची, "देवळाची घंटा झाली, दिवा लाव." दिवसातून तीनदा प्रार्थनेची घंटा, कुणी गेलं तर वेगळी, संथ. बायका विहिरीवर हात थांबवून मोजायच्या. तेव्हा एका देवळातली घंटा दुसऱ्या देवळात गेली यात मला व्यक्तिशः फार टोचत नाही. ती वितळवून तोफ केली असती तर टोचलं असतं.

टोचतं ते वेगळंच. मी मेणवलीला गेलो तेव्हा एक गाईड मुलांच्या सहलीला सांगत होता, "फिरंग्यांची देवी आपल्या देवासमोर लटकवलीय." पोरं हसली. कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या आजींना मात्र ती लेकुरवाळी दिसली. या दोघांत पाटी कुणाच्या बाजूने लिहिणार, ते सांगा. मग पाटीला माझा पाठिंबा आहे की नाही ते मी सांगतो.

पेठकर

@उत्तरवसई, गाईडचं वाक्य वाईटच. त्याचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. पण "विजय" हा शब्दही पाटीवर नको असं म्हणाल तर तेही मी मानणार नाही.

उत्तरवसई

विजय लिहा की. झाला होताच. त्याखाली मारिया मातेचं नाव लिहा, आणि तिचं नाव नीट लिहा, एवढंच.

घंटानाद

मालकीबद्दल काही बोलत नाही, आवाजाबद्दल बोलतो, कारण तो कुणीच काढला नाही. मी पेटी शिकवतो, कान थोडा चोखंदळ आहे.

युरोपीय ढंगाची मोठी घंटा वाजली की मूळ सुरासोबत एक कोमल गंधार स्पष्ट ऐकू येतो. घंटेचा आकार, जाड ओठ आणि वर निमुळती कंबर यातून तो आपोआप येतो. मूळ सूर षड्ज धरा, त्यावर कोमल गंधार, आणि खाली खर्जात एक गुणगुण बराच वेळ रेंगाळते. म्हणून ती आपल्या देवळातल्या पितळी घंटेपेक्षा गंभीर, थोडी उदास वाटते. मेणवलीला आरतीच्या वेळी ती गुणगुण ऐका, माणसांचा आवाज बंद झाला तरी घाटावर उरते.

आता कामाचं. चर्चमध्ये आडव्या दांड्याला बांधून अख्खी घंटाच झुलवतात, लोलक दोन्हीकडे आपटतो. आपण ती घट्ट टांगतो आणि लोलक हाताने ओढून आपटतो, तोही बहुतेक एकाच बाजूला. कासं म्हणजे साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबं आणि बावीस भाग कथील. कडक असतं, पण ठिसूळ. एकाच जागी शेकडो वर्षं मारलं की तिथे खळगा पडतो, मग एक दिवस केसाएवढी चीर. चीर गेलेली घंटा भांड्यासारखी वाजते, आणि जुन्या घंटेचं असं बिघडलेलं काम दुरुस्त करणं सोपं नाही. युरोपात यावर साधा उपाय करतात: घंटा पाव वळसा फिरवून पुन्हा टांगतात, म्हणजे लोलक नव्या जागी बसतो. लोलकही घंटेपेक्षा मऊ लोखंडाचा ठेवतात. तुटला म्हणून गावच्या वेल्डरकडून सळईचा तुकडा जोडून आणला की संपलं.

पाटी नंतर लावा. आधी लोलक कुठे आपटतोय ते बोट फिरवून बघा.

पणजीकर

घंटा जाग्यावरून हलतातच हो. आमच्या पणजीच्या इगर्जीतली (चर्चमधली) मोठी घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. मठ मोडकळीला आला, घंटा निघाली. मधली काही वर्षं आग्वादच्या दीपस्तंभावर होती, १८७१ मध्ये पणजीत आली. तीन जागा बदलल्या, सायबिणीच्या (म्हणजे मारिया मातेच्या) सणाला तीच वाजते, कुणाची तक्रार नाही. पण तिचा सगळा प्रवास माहीत आहे. फरक तोच.

सरळसोट

माझं मत बदललेलं नाही, पण एक उदाहरण देऊन थांबतो. ९९७ मध्ये कॉर्डोव्ह्याच्या मुस्लिम राज्याचा कारभारी अल-मन्सूर याने स्पेनमधल्या सांतियागोच्या चर्चच्या घंटा काढून कॉर्डोव्ह्याला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ ला ख्रिस्ती राजाने कॉर्डोव्हा जिंकलं आणि त्या घंटा परत पाठवल्या. कशा, तर हरलेल्या मुसलमानांच्या खांद्यावरून. तेव्हा "परत" म्हणतानाही किती प्रकारे म्हणता येतं ते बघा. कैद्यांच्या खांद्यावरून नको. दोन गावांनी मिळून, दोघांच्या मर्जीने झालं तरच.

संशयात्मा

हे पहिल्या प्रतिसादात लिहिलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आज सकाळी पुन्हा जाऊन आलो, घंटानाद यांचं वाचून झोप लागली नव्हती. गर्दी नव्हती. ओठाच्या आतल्या कडेवर बोट फिरवलं. एका बाजूला बशीसारखा गुळगुळीत खळगा लागतो, अंगठा आरामात बसतो. समोरची बाजू खरखरीत, कोरी. चीर मला तरी दिसली नाही, पण मी काही जाणकार नाही.

पाटीचा मजकूर असा केलाय: "ही घंटा १७०७ साली ओतलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया माता आहे. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यानंतर ती इथे आणून देवाला वाहिली, असे मानले जाते. हळू वाजवा."

'असे मानले जाते' संशयात्मांसाठी, 'जिंकल्यानंतर' पेठकरांसाठी. उत्तरवसई, मारिया ऱ्हस्व-दीर्घ बरोबर आहे ना?

उत्तरवसई

बरोबर आहे. येशूतला शू दीर्घ लिहिलात हेही पाहिलं, आमच्याच लग्नपत्रिकांत तो चुकतो.

एक मागणं. जमलं तर फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करून टाका. एकच टोला, आणि गुणगुण संपेपर्यंत बंद करू नका. घरी आईला ऐकवायचा आहे.

कृष्णाकाठ

सकाळीच केलाय, बावीस सेकंदांचा. शेवटी एक कावळा ओरडतो, तेवढं चालवून घ्या.